चौथ्या पेटीतल्या फाइली

सोमवार, ९ जानेवारी १९६१. अमरावती

आजपासून नवं काम. आपल्या क्षयाच्या दवाखान्याची शाखा अकोल्याला जुन्या शहरात निघते आहे. मूर्तिजापूरपासून पलीकडचे सगळे पेशंट आता तिकडेच जातील. त्यांच्या फाइली भरल्या तीनशे शहाण्णव, आणि त्या सगळ्या उतरवून पाठवायच्या. डॉक्टर पळसोकरांचा नियम कडक आहे. मूळ फाइल दवाखान्याचा उंबरा ओलांडणार नाही. नक्कल जाईल.

जोडीला वामनराव. कोर्टात तीस वर्षं नक्कलनवीस होते, निवृत्त होऊन आमच्याकडे आले. कामाची रीत त्यांनीच घालून दिली. त्यांनी मूळ कागद वाचायचा, मी लिहायचं. फाइल पुरी झाली की मी नक्कल मोठ्याने वाचायची आणि त्यांनी मूळ कागदावर बोट ठेवून ताडायचं. मग खाली लिहायचं, ‘मुळाशी ताडून पाहिले’, आणि दोघांची आद्याक्षरं. साठेक फाइली झाल्या की पत्र्याच्या पेटीत भरून पार्सलने अकोल्याला. तिथले कारकून खुशालराव मोजून घेणार आणि पोहोचल्याचं कार्ड टाकणार.

बाबा म्हणाले, “हे काम म्हणजे पोथी उतरवण्यासारखं. मात्रा चुकली तरी पाप.” बाबांना सगळीकडे पोथीच दिसते. तरी मला आवडलं ते.

मंगळवार, १७ जानेवारी

दिवसाला दहा-बारा फाइली होतात. अंगठ्याला घट्टा पडला. वामनरावांचा आवाज गोड आहे, पण ते कधीकधी चिडवल्यासारखे रेंगाळतात. कागद खिडकीपाशी नेतात, लांब धरतात, जवळ आणतात. दुपारी चारनंतर तर “बाई, तुमीच वाचा अन् तुमीच लिवा, माहा घसा बसला” म्हणून मोकळे. घसा बसलेला मुळीच वाटत नाही.

डॉक्टर महत्त्वाची सूचना लाल पेन्सिलीने समासात लिहितात. वामनराव ते वाचायचं विसरतात. आज मीच दोनदा दाखवलं. “हाव हाव, राह्यलं,” म्हणाले आणि गोरेमोरे झाले. म्हातारपणी माणसं आळशी होतात का? बाबाही असेच होतील काय, या विचाराने उगाच वाईट वाटलं.

शनिवार, २८ जानेवारी

तिसरी पेटी गेली. पहिल्या दोन्हींची कार्डं आली. खुशालराव लिहितात, ‘संख्या बरोबर, अक्षर मोत्यासारखे.’ कार्ड मी घरी आणलं आणि आईला दाखवलं. आई म्हणाली, अक्षर पाहून कोणी मागणी घालत असतं तर तू केव्हाच खपली असतीस.

ताराताईचं डोहाळजेवण पुढच्या रविवारी चांदूर रेल्वेला. शनिवारच्या दुपारच्या गाडीने निघायचं ठरलं. हिरवं लुगडं आणि बांगड्या मीच घेऊन जायच्या आहेत.

सोमवार, ६ फेब्रुवारी

डोहाळजेवण छान झालं. ताई झोपाळ्यावर इतकी सुंदर दिसत होती! दिवसभर मी हसत होते, बायकांत गाणी म्हटली, दोनदा श्रीखंड घेतलं. आणि तरी मध्येच कामावरचं काहीतरी आठवायचं. ते इथे लिहून टाकते, म्हणजे जाईल.

शनिवारी चौथी पेटी निघायची होती. अठ्ठावन्न फाइली उतरवून झालेल्या, पण ताडायच्या एकूणएक राहिलेल्या. आठवडाभर ताडणं मीच मागे टाकलं होतं, कारण लिहायचं काम दिसतं आणि ताडायचं दिसत नाही. बाराला हमाल पेटी न्यायला येणार, माझी गाडी दीडची.

वामनराव म्हणाले, “पेटी सोमवारी पाठवू. अकोला काही पळून चाललं नाई.”

मी म्हटलं, “डॉक्टरांनी शनिवार सांगितलाय. उशीर झाला तर मला विचारतील.” डॉक्टरांनी सांगितलं होतं हे खरं. पण मी थांबले असते तर गाडी चुकली असती, हे जास्त खरं.

मग मी खाली मान घालून अठ्ठावन्न फाइलींवर ‘मुळाशी ताडून पाहिले’ लिहिलं आणि ‘अ’ घातला. वामनरावांकडे सरकवत गेले, ते ‘वा’ घालत गेले. पाव तासात झालं. शेवटी ते म्हणाले, “तुमी जा बाई. हमाल आल्यावर थांबवतो त्याले. मी एकटाच नजर फिरवून घेतो.”

मी निघाले. त्यांनी नजर फिरवली असेल. तीस वर्षांचा अनुभव आहे.

शनिवार, ११ फेब्रुवारी

खुशालरावांचं कार्ड आलं. ‘पेटी चौथी. नकला अठ्ठावन्न. संख्या बरोबर.’ आठवडाभर उगाच जिवाला घोर लावून घेतला. आकडा जुळला म्हणजे झालं.

वामनरावांना विचारावंसं वाटलं, पाहिलं होतं ना त्या दिवशी? विचारलं नाही. विचारण्यात अविश्वास दिसतो.

शुक्रवार, १७ मार्च. पाडवा

काल सातवी आणि शेवटची पेटी रवाना झाली. डॉक्टरांनी दोघांना पेढे दिले आणि म्हणाले, “अकोल्याची शाखा तुमच्या चार हातांवर उभी आहे.” वामनरावांनी पेढा घेतला तो चाचपत, जणू डबीत दुसरं काही असावं. मला हसू आलं.

बुधवार, २९ मार्च

आजच लिहायला हवं.

दुपारी डॉक्टरांनी दोघांना बोलावलं. टेबलावर अकोल्याचं पत्र, खुशालरावांनी परत पाठवलेली एक नक्कल आणि शेजारी तिची मूळ फाइल. वच्छला मोतीराम, वय बावीस, माहेर वलगाव, सासर अकोला जुने शहर. नवरा कापसाच्या जिनात कामाला. मागच्या वर्षी इथे तिला स्ट्रेप्टोमायसिनच्या सुया सुरू केल्या होत्या. तिसाव्या सुईनंतर चक्कर येऊ लागली, कानात घणघण व्हायला लागलं. डॉक्टरांनी सुया थांबवल्या आणि समासात लाल पेन्सिलीने लिहिलं, ‘ही सुई पुन्हा कधीही देऊ नये. कान जातील.’

माझ्या नकलेत ती ओळ नाही. तीस सुया झाल्या आणि पुढे काही नाही, एवढंच आहे. अकोल्याच्या नव्या डॉक्टरांना वाटलं, बाईने मध्येच येणं सोडलं असेल. त्यांनी फेब्रुवारीच्या मध्यापासून रोज सुई सुरू केली. ती म्हणाली होती, ही सुई मला सोसत नाही. कंपाउंडरने फाइल पाहिली आणि सांगितलं, कागदावर तसं काही नाही.

आता तिला ऐकू येत नाही. डॉक्टर म्हणाले, गेलेलं ऐकणं परत येत नाही.

नकलेखाली माझं अक्षर. ‘मुळाशी ताडून पाहिले.’ मोत्यासारखं.

डॉक्टरांनी आवाज न चढवता विचारलं, “उतरवताना मूळ कागद कोणाच्या हातात होता?”

“माह्या,” वामनराव म्हणाले. “लाल ओळ मी वाचली नाई.”

“आणि ताडताना?”

वामनराव माझ्याकडे न पाहता म्हणाले, “ताडतानाही माह्याच हातात होता, साहेब. बाईंनं बरोबर वाचून दाखवलं. चूक माही.”

डॉक्टर माझ्याकडे वळले. “अनुपमाबाई, बाकीच्या फाइली तरी नीट ताडल्या आहेत ना? मला त्या माणसांना सुया द्यायच्या आहेत.”

मी “हो” म्हटलं.

एवढंच एक अक्षर. तोंडातून कसं गेलं कळलंही नाही.

गुरुवार, ३० मार्च

वामनरावांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. जाताना ते माझ्या टेबलाशी थांबले. म्हणाले, “तुमी अजून तरण्या. तुमचं पुढचं आयुष्य हाये. माहं काय.” मी मान वर केली नाही. गेल्यावर पाहिलं तर छत्री विसरले होते.

मंगळवार, ४ एप्रिल

जेवण जात नाही. आईला वाटतं ऊन बाधलं. कैरीचं पन्हं करून देते आणि मी मुकाट पिते.

मनाशी रोज तोच हिशेब मांडते. वाचलं त्यांनी. नजर फिरवतो म्हणाले ते. सही दोघांची. मग माझ्या वाट्याला किती? कधी निम्मं येतं, कधी त्याहून कमी. कपाळावर थंड हात ठेवल्यासारखं क्षणभर बरं वाटतं. मग आठवतं की त्या बाईच्या वाट्याला पुरं आलं.

रविवार, ९ एप्रिल

छत्री घेऊन वामनरावांकडे गेले. बायको वारल्यापासून एकटेच राहतात. दार उघडून त्यांनी विचारलं, “कोन?” मी समोर उभी. म्हटलं, मी अनुपमा. तेव्हा “या बाई, या” म्हणाले. दहा दिवसांत माणूस किती खचतो! चहा ओतताना अर्धा बशीबाहेर सांडला. भिंतीला हात लावत मोरीपर्यंत गेले. अपमानाने असं होतं म्हणतात, ते डोळ्यांनी पाहिलं. मला रडूच आलं.

म्हटलं, “वामनराव, माझ्यामुळे तुमची ही दशा झाली. ताडलं नव्हतं हे मी सांगायला हवं होतं.”

त्यांनी सांडलेला चहा हाताने चाचपून पुसला. मग म्हणाले, “बाई, तुमी मले साधू समजून राहिल्या. तसं नाई ते. मले दिसतच नाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाये. काळी शाई धुकट दिसते, लाल पेन्सिल तं दिसतच नाई. वर्ष होऊन गेलं. सांगतलं असतं तं काम गेलं असतं, अन् घरी बसून भिंतीशी बोलू काय? अर्ध्या फाइली मी आठवणीवर वाचून दाखवल्या. दोन वर्षं मीच लावल्या होत्या त्या.”

“मग त्या शनिवारी?”

“पेटी उघडलीच नाई. उघडून काय करू?”

मी घरी आले. खरं लिहायचं तर वाटेत पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. वाटलं, चला, मूळ दोष यांचाच निघाला. राजकमल चौकापर्यंत ते सुख टिकलं. खिडकीपाशी कागद लांब धरणारा माणूस मी अडीच महिने रोज पाहत होते. मी त्याला आळशी म्हटलं. आणि ताडायचं असतं ते एवढ्याचसाठी की वाचणाऱ्याचं चुकेल.

रविवार, १६ एप्रिल. अकोल्याहून परत

घरी सांगितलं, मैत्रिणीकडे जाते. बडनेऱ्याला गाडी बदलून अकराला अकोल्यात. डॉक्टरांना काही सांगितलं नव्हतं. मनात होतं की तिच्या पायाशी बसून सगळं सांगावं, तिने चार शिव्या द्याव्यात, आणि तेवढ्यावर ते मिटावं. दवाखान्यात कोणाला कळायचं कारण पडू नये.

खुशालरावांनी घर सांगितलं होतं. मोर्णा नदीचा पूल ओलांडून जुन्या शहरात, तेल्याच्या घाण्यामागची गल्ली. ओट्यावर एक तरुण बाई ज्वारी पाखडत बसलेली. मी दोनदा हाक मारली. सूप थांबलं नाही. माझी सावली सुपावर पडली तेव्हा दचकून वर पाहिलं.

मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. गाडी, डोहाळजेवण, पाव तासात केलेल्या अठ्ठावन्न सह्या, डॉक्टरांपुढचं ‘हो’. सांगताना रडले. ती माझ्या तोंडाकडे एकटक पाहत होती. मध्येच तिने पदराने माझे डोळे पुसले. मग फार मोठ्या आवाजात, जशी शेतात हाक मारतात तशी, म्हणाली, “काहून रडून राहिली व? कोन मेलं तुहं?”

तिला एक शब्दही कळला नव्हता.

पिशवीत कागद-पेन्सिल होती. लिहून तिच्यापुढे धरलं. तिने कागद उलटासुलटा केला आणि हसून परत दिला. वाचता येत नाही.

इथे जे झालं ते लिहायला लाज वाटते. मला वाटलं, मी सांगितलं. माझ्याकडून झालं. आता उठावं. मी उठलेसुद्धा. चपलेत पाय घातला.

तेवढ्यात आतून तिची सासू पाणी घेऊन आली. आशाबाई. “कोन पाहिजे?” म्हणाली. वाटलं, दवाखान्यातून तब्येत विचारायला आले म्हणावं. म्हटलंही असतं. पण वच्छलाने पाण्याचा पेला माझ्या हातात दिला, आणि मी आशाबाईंना पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी रडले नाही.

आशाबाई ऐकत होत्या तसतसा त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. “म्हंजे तुमी लिवलं नाई म्हून पोरीचे कान गेले?”

“हो.”

“अन् तिनं सांगतलं होतं ना! मीच होतो संगं. तिनं कितीकदा सांगतलं का ही सुई मले चालत नाई. तं म्हने कागदावर नाई. मानसापेक्षा कागद मोठा झाला काय बाप्पा तुमचा?”

मी पेला खाली ठेवला.

“तिला सांगा,” एवढंच म्हटलं. “मी सांगितलेलं तिला कळलं नाही.”

आशाबाई तिच्यासमोर बसल्या. तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे केलं आणि एकेक शब्द ओठांनी घडवून, हातांनी दाखवून सांगू लागल्या. कागद. सुई. ही बाई. लिवलं नाई. कितीतरी वेळ लागला. वच्छला एकदा सासूकडे बघे, एकदा माझ्याकडे. कळलं तो क्षण मला दिसला. हातातलं सूप तिने हळूच बाजूला ठेवलं.

मी शिव्यांची वाट पाहत होते.

ती त्याच मोठ्या आवाजात म्हणाली, “आनखी किती कागद होते त्या पेटीत?”

मी बोटांनी दाखवलं. पाच वेळा दहा, आणि आठ.

“ते पाहिले का पुन्हा?”

मी मान हलवली. नाही.

“अन् इथं येऊन रडून राहिली?” ती ओरडली. ओरडली असेल किंवा तिचा आवाजच तसा झाला असेल. “जाय! जाय पह्यले!”

आशाबाईंनी मला हाताला धरून उठवलं. पुलापर्यंत मी जवळजवळ पळत आले. अठरा दिवस मी माझा वाटा मोजत होते. उरलेल्या सत्तावन्न माणसांची आठवण मला एकदाही झाली नव्हती. इथे मागची पानं चाळून पाहिली. खरंच एकदाही नाही.

सोमवार, १७ एप्रिल

दवाखाना उघडायच्या आधी डॉक्टरांच्या दाराशी उभी होते. म्हटलं, “चौथी पेटी ताडलेलीच नाही. सह्या खोट्या आहेत. वामनरावांना दिसत नाही आणि मला गाडी गाठायची होती. त्या दिवशी मी तुम्हाला ‘हो’ म्हटलं ते खोटं होतं.”

डॉक्टरांनी आधी अकोल्याला ट्रंक कॉल लावला. त्या पेटीतल्या एकालाही आज सुई देऊ नका आणि सगळ्या नकला पहिल्या गाडीने परत पाठवा, असं सांगितलं. फोन ठेवल्यावर माझ्याकडे पाहिलं. “एकोणीस दिवस,” म्हणाले. “मी त्याच दिवशी विचारलं होतं तुम्हाला.”

मग कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. “बसा. ताडायला मी बसतो.”

शुक्रवार, २१ एप्रिल

पाच दिवस डॉक्टर मूळ कागद धरून आणि मी अकोल्याहून परत मागवलेली नक्कल वाचते आहे. सत्तावन्नांपैकी नऊ फाइलींत लाल ओळ सुटली आहे. काहींत निरुपद्रवी, ‘दूध वाढवावे’ असली. पण दर्यापूरकडच्या पंजाबरावांच्या फाइलीत वच्छलाच्यासारखीच ओळ होती. त्यांच्या सुया बुधवारपासून सुरू व्हायच्या होत्या. बुधवार म्हणजे परवा होऊन गेला. सुई दिली नाही.

डॉक्टरांनी मूळ कागद माझ्या हातात देऊन ती ओळ दोनदा वाचायला लावली आणि चष्मा काढून खिडकीबाहेर पाहत राहिले.

इतर पेट्याही ताडायच्या ठरल्या. त्यांतही वामनरावच वाचत होते. त्या तरी मी प्रामाणिकपणे ताडल्या होत्या, असं म्हणणार होते. पण ताडताना समोर बसलेल्या माणसाला दिसत नव्हतं.

शनिवार, २९ एप्रिल

आज अकोल्याला जाऊन आले, या वेळी घरी खरं सांगून. आधी बाबांना सांगितलं तेव्हा ते संध्येला बसले ते फार वेळ उठले नाहीत. आई म्हणाली, परत जेव्हा जाशील तेव्हा तिच्यासाठी काहीतरी घेऊन जा. काय न्यायचं ते दोघींनाही सुचलं नाही.

सगळ्या पेट्या ताडून संपेपर्यंत मी कामावर राहायचं आणि मग राजीनामा द्यायचा, असं डॉक्टरांनी ठरवलं आहे. वामनरावांच्या डोळ्यांचं ऑपरेशन ते स्वतः सांगून करवणार आहेत. वामनराव कामावर परत येणार नाहीत. बोलावलं होतं, त्यांनीच नको म्हटलं.

वच्छला ओट्यावर नव्हती. आत चुलीपाशी होती. तिचा नवरा मोतीराम घरी होता. तो माझ्याकडे पाहून उठला आणि बाहेर निघून गेला. आशाबाईंनी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी वच्छलासमोर बसून आशाबाईंसारखं ओठांनी सांगायचा प्रयत्न केला. पेटी पाहिली. नऊ सापडले. एकाची सुई थांबली. तिला ‘सुई थांबली’ एवढं कळलं असावं. तिने विचारलं, “त्याले येते ऐकू?”

मी मान डोलावली. येतं.

तिने भाकरी उलटली. मी माफी मागितली नाही. मागितली असती तर तिलाच मला काहीतरी द्यायला लावल्यासारखं झालं असतं.

तिथून शाखेत गेले. अमरावतीहून परत गेलेली तिची नक्कल खुशालरावांनी काढून ठेवली होती. तीत लाल पेन्सिलीने ती ओळ घातली. आता ती कोणाच्याच उपयोगाची नाही, तरी घातली. तिच्याखाली अकोल्याच्या डॉक्टरांची मार्चमधली नोंद होती: ‘डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही. उजव्याने घंटा जवळ धरल्यास किंचित.’ आमच्या अमरावतीच्या मूळ फाइलीत हे नाही.

मी कोरा कागद मागून घेतला आणि ते उतरवून घेतलं. मग खुशालरावांना म्हटलं, तुम्ही मूळ धरा, मी वाचते.